आपण इथले आहोत का?

राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ 1968 सालचं. अशा मोठ्या आवारात नव्यानं आलेल्या मुलामुलींना सुरुवातीला एक शंका छळते: आपण इथले आहोत का?

ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी या शंकेवर अमेरिकेत प्रयोग केला. तो 2011 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. नव्या विद्यार्थ्यांना त्यांनी सीनियर मंडळींचे अनुभव वाचायला दिले. सुरुवातीला सगळ्यांनाच परकं वाटतं, पुढे ते ओसरतं, एवढाच त्यांचा आशय. काम तासाभराचं; पण कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं सुधारत गेले.

दृष्टिहीन विद्यार्थ्याला मात्र नुसता धीर पुरत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत दिव्यांगांसाठी किमान 5 टक्के जागा राखल्या. जागा मिळते, पण शिक्षक फळ्याकडे बोट दाखवून ‘हे इथून तिकडे’ म्हणाले, की तो मुलगा वर्गात बसूनही वर्गाबाहेर पडतो. नोट्सचे फोटो ग्रुपवर टाकले तरी तेच. एनव्हीडीएसारखं मोफत स्क्रीन रीडर टाइप केलेला मजकूर वाचून दाखवतं. वहीच्या फोटोपुढे सहसा अडतं.

बियाणं ओळखण्याचं प्रात्यक्षिक घ्या. हरभऱ्याची चोच, सोयाबीनचा गुळगुळीत गोल दाणा बोटांना लगेच कळतात. रोग ओळखताना मात्र पानावरचा करपा बोटांना कळेलच असं नाही. तिथे शेजारच्यानं डागाचा आकार, कडा, रंग बोलून सांगावा, आणि निदान दोघांनी मिळून करावं.