शिडशिडीत अंग आणि रक्तातली साखर



उभ्या उसाची जाडी पाहून त्यात साखर किती, हे कोणी सांगत नाही. शेतकी खात्याचा माणूस फडात येतो, रसाचा थेंब घेऊन ब्रिक्स पाहतो, मग तोडीचे ठरते. स्वतःच्या शरीराचे मात्र आपण नुसत्या जाडीवरून ठरवतो. वारज्याला मुलाकडे राहायला गेलेले आमचे एक सभासद असेच म्हणाले, "अंगावर मांस नाही, मला कसला मधुमेह?" मुलाने हट्टाने रक्त तपासून घेतले. एचबीएवनसी ६.९ निघाले. पुन्हा तपासले, तरी तेच. साखर कारखान्याच्या पत्रकात हा विषय म्हणून कोणी हसेल, हसू द्या.

यामागचे कारण पुण्याजवळच सापडले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांची पाहणी सुरू केली. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे हातापायाने काटकुळी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. पुढे पुणे आणि लंडन येथील बाळांच्या नाळेतले रक्त तपासले, तेव्हा पुण्याच्या बाळांत इन्सुलिन जास्त आढळले (२००२). म्हणजे बारीक अंगात चरबी झाकून असते, आणि ही गोष्ट जन्मापासूनची.

इन्सुलिन हे एक प्रथिन. रक्तातली साखर स्नायूंत मुरवणे हे त्याचे काम. चोपण जमिनीत पाणी मुरत नाही, म्हणून आपण मोटार जास्त वेळ चालवतो. तसेच पेशी दाद देईनात, की स्वादुपिंड इन्सुलिन वाढवत जाते. या काळात साखर नॉर्मल दिसते. कित्येक वर्षांनी मोटार दमते, मग साखर चढते.

ही आतली धडपड रक्तातली प्रथिने सांगतात. उपाशीपोटी इन्सुलिन जास्त, तर ओढाताण चालू आहे असे समजावे. इन्सुलिन तयार होताना सी-पेप्टाइड नावाचा तुकडा सुटतो, त्यावरून स्वादुपिंडात किती दम उरला हे कळते. ॲडिपोनेक्टिन मात्र उलटे: ते चरबीच्याच पेशी बनवतात, तरी चरबी वाढली की ते कमी होते! पण ही तपासणी मुख्यतः संशोधकांची. तिच्यासाठी कोणी खिसा रिकामा करू नये.

आपल्या कामाचे एचबीएवनसी. तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटते. पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब मिळतो. आदल्या दिवशी गोड सोडून तो बदलत नाही. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ सावधगिरीची पायरी, ६.५ व त्यावर मधुमेह. त्रास काही नसेल तर दुसऱ्यांदा तपासून खात्री करावी. कमरेचा घेरही टेपाने मोजावा: पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, तर वजन कमी असले तरी तपासणी करावीच.

घरातल्या बायकांचा आकडा वाचताना एक जपावे. अंगात लोह कमी असेल तर एचबीएवनसी खोटे वाढलेले दिसू शकते. नुकताच बराच रक्तस्राव झाला असेल तर खोटे कमी. सबब हिमोग्लोबिन त्याच वेळी मोजून घ्यावे, आणि दोन्ही कागद डॉक्टरांपुढे एकत्र ठेवावेत.