सजीव, निर्जीव आणि नवापूरचा विषाणू

सन २००६ च्या फेब्रुवारी महिन्यात नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर या तालुक्याच्या गावाचे नाव एकाएकी देशभरच्या वृत्तपत्रांत झळकले, ते तेथील नावाजलेल्या तूरडाळीमुळे नव्हे, तर कुक्कुटपालनाच्या शेडमध्ये हजारोंनी मरून पडणाऱ्या कोंबड्यांमुळे. भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेतील तपासणीचा निष्कर्ष १८ फेब्रुवारीस जाहीर झाला आणि एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूचा भारतातील पहिला प्रादुर्भाव नवापूरच्या नावावर नोंदला गेला. मग बाधित क्षेत्राची आखणी, पंचनामे, पांढऱ्या पोशाखातील पथके, खोल खड्डे आणि त्यांत पुरलेले लक्षावधी पक्षी, असा सगळा सरकारी बंदोबस्त सुरू झाला. सरहद्दीपलीकडील गुजरातचा उच्छल भागही त्यातून सुटला नाही. ज्याच्याविरुद्ध हा सरंजाम मांडला होता तो शत्रू सजीव होता की निर्जीव, हा प्रश्न त्या धांदलीत कोणाला सुचला नसेल, आणि सुचावा अशी ती वेळही नव्हती. परंतु जीवशास्त्राला मात्र तो शंभराहून अधिक वर्षे छळीत आला आहे.

शाळेत आपण एक यादी पाठ करतो: सजीव वाढतो, हालचाल करतो, अन्न घेतो, श्वसन करतो, प्रतिसाद देतो व प्रजनन करतो. यादी वाईट नाही, पण ती पुराव्याला फारशी टिकत नाही. मिठाचा स्फटिक वाढतो. ज्योत प्राणवायू घेते, इंधन खाते आणि शेजारच्या वातीवर आपल्यासारखी दुसरी ज्योत निर्माण करते. उलट खेचराला सहसा संतती होत नाही, म्हणून त्याला निर्जीव म्हणण्यास कोणीही धजणार नाही, निदान त्याची लाथ खाल्लेला माणूस तरी नाहीच.

नवापूरच्या डाळ गिरणीत या यादीची परीक्षा अधिक चांगली होते. पोत्यातली अख्खी तूर हातात घ्यावी: दाणा कोरडा, कठीण, निश्चल. तो वाढत नाही, काही खात नाही, आणि त्याचे श्वसन असलेच तर इतके मंद की साध्या उपकरणाला त्याचा पत्ता लागू नये. यादीप्रमाणे पाहता दाणा आणि खडा यांत तफावत ती काय? पण मृगाचा पाऊस पडून जमिनीला वाफसा आला, की तोच दाणा पाणी शोषून फुगतो आणि चार-सहा दिवसांत कोंब वर काढतो. आता हीच तूर गिरणीत जाते. तिला तेलपाणी लावून उन्हात वाळवतात, भरडतात, टरफल सुटते, दाण्याची दोन दले होतात आणि ज्या इवल्याशा टोकातून कोंब फुटावयाचा ते तुटून चुणीबरोबर गुरांच्या दावणीत जाते. डाळीत प्रथिने तीच, पिष्ट तेच, चव तर अधिकच. परंतु ती पेरली तर कुजते. दाण्यात व डाळीत पदार्थाचा फरक जवळजवळ नाही. फरक आहे तो रचनेचा, आणि त्या रचनेला पाणी मिळताच सुरू होऊ शकणाऱ्या व्यवहाराचा. इस्राएलमधील मसाडा येथे सापडलेले, सुमारे दोन हजार वर्षांचे खजुराचे बी २००५ मध्ये रुजले, यावरून हा व्यवहार किती काळ तहकूब राहू शकतो याची कल्पना यावी.

हा व्यवहार म्हणजेच चयापचय. पेशी बाहेरून अन्न व ऊर्जा घेते, त्यांतून आपले घटक स्वतः बनविते, मोडलेले दुरुस्त करते, टाकाऊ बाहेर टाकते, आणि हे सर्व कसे करावयाचे याची आज्ञा पिढ्यान् पिढ्या जतन करते. आज्ञा आणि अंमलबजावणी ही दोन्ही एकाच पडद्याआड नांदतात, तेथे जीव आहे, असे म्हणावयास माझ्या मते हरकत नसावी.

बर्ड फ्लूच्या विषाणूपाशी यांतले पहिलेच आहे. तो असतो सुमारे एक मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. आत आरएनएचे आठ तुकडे, भोवती प्रथिने आणि स्निग्ध पदार्थाचे आवरण. तो म्हणजे मोहोरबंद हुकूमनामा होय. कचेरी, कारकून व खजिना यांपैकी त्याच्यापाशी काही नाही. कोंबडीच्या विष्ठेत ४ अंश तापमानाला तो पस्तीस दिवस आणि ३७ अंशांना सहा दिवस टिकतो. पण या अवधीत तो काय करतो असे विचाराल, तर काहीही नाही. बियाण्याप्रमाणे तो विसावलेला नसतो, कारण नुसते पाणी वा ऊब मिळून तो कधीच जागा होत नाही. पक्ष्याच्या पेशीला चिकटून तो आत शिरला, की पेशीचीच यंत्रणा त्याच्या नकला काढू लागते, आणि अठ्ठेचाळीस तासांत शेड ओस पडू शकते.

अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ वेंडेल स्टॅन्ली यांनी १९३५ मध्ये तंबाखूच्या रोगट पानांतून विषाणू वेगळा करून त्याचे स्फटिक मिळविले, तेव्हा विद्वानांची मोठीच पंचाईत झाली. बाटलीत भरून फळीवर ठेवावी अशी ती भुकटी पाण्यात विरघळवून पानावर चोळताच रोग पुन्हा उत्पन्न करीत असे. स्टॅन्ली यांना १९४६ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला तो रसायनशास्त्राचा. निवड समितीने वादाचा निकाल दिला नाही, पण कल दाखविला, असा अर्थ कोणी काढला तर मी त्याला दोष देणार नाही. उलट पक्षही दुबळा नाही: विषाणू बदलतो, त्याच्यात निवड होते, त्याला वंशावळ आहे, आणि हे मिठाच्या खड्याबद्दल कोणी म्हणणार नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू पुन्हा अवतरला, तेव्हा प्रयोगशाळांनी प्रथम त्याचे कूळच तपासले.

तरीही त्याचे परावलंबन किती संपूर्ण आहे, हे प्रयोगशाळेतील एका नेहमीच्या कामावरून दिसते. फ्लूचा विषाणू वाढवावयाचा झाल्यास कोंबडीचीच अंडी घेतात. परंतु अंड्यांच्या व्यवसायातील शेडमध्ये कोंबडा ठेवीत नाहीत, तेथील अंडे अफलित असते, म्हणून बाजारचे अंडे त्या कामी चालत नाही. नऊ ते अकरा दिवस उबवलेले फलित अंडे दिव्यासमोर धरून आतील तांबड्या शिरा व भ्रूणाची हालचाल पाहतात, कवचाला बारीक छिद्र पाडून भ्रूणाभोवतीच्या पोकळीत नमुन्याचा थेंब सोडतात, आणि दोन-तीन दिवसांनी तेथील द्रव काढला तर त्यात अगणित विषाणू असतात. तोच थेंब किराणा दुकानातल्या अंड्यात सोडला, तर जेवढा घातला तेवढाही परत हाती लागत नाही.