कान टोचले, छिद्रे बुजली

मुलगी जन्मली की बारशाच्या सुमारास सोनाराला निरोप जातो. सोन्याची तार पाळीतून आरपार जाते, बाळ रडते, बाया हसतात आणि कान टोचले जातात. आमच्या घरात आम्ही चौघी: आई, आम्ही दोघी बहिणी आणि थोरलीची मुलगी. चौघींचेही कान टोचले, दोघींची नाके टोचली. आज त्यांतली सगळी छिद्रे शिल्लक नाहीत. एक फाटले, एक चिघळले, एक आपोआप बुजले. आमच्यावर जे गुदरले ते इतर भगिनींच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहोत.

आईची पाळी

आईने लग्नातली जड कर्णफुले तीस वर्षे घातली. ओझ्याने छिद्र खाली खाली ओघळत गेले. एके दिवशी कडेवरच्या नातवाने फूल ओढले आणि पाळीचे दोन भाग झाले. जखम भरली, पण फट राहिली. पुढची दोन वर्षे आई डोक्यावरचा पदर कानावरून हलू देईना. लग्नाला जाईना, फोटोला उभी राहीना. शेवटी आम्ही तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तेवढाच भाग बधिर करून पाळी शिवली आणि आई त्याच दिवशी घरी आली. निदान तीन महिने पुन्हा टोचू नका आणि टोचलेच तर शिवलेल्या जागेवर नको, असे त्यांनी सांगितले. आईने काही पुन्हा टोचले नाही. म्हणते, "कान हलके झाले बघा."

धाकटीची गाठ

धाकटीने कानाचा वरचा भाग बाजारातल्या दुकानात बंदुकीने टोचून घेतला. पाळी म्हणजे नुसती कातडी आणि चरबी. ती सहा ते आठ आठवड्यांत भरते. वरच्या भागात मात्र कूर्चा असते. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, म्हणून तिथली जखम भरायला कित्येक महिने लागतात आणि पू झाला तर कानाचा आकारच बिघडू शकतो. धाकटीचा कान सुजला, ओसरला आणि मग तिथे बोराएवढी गाठ वाढू लागली.

शेजारणीने नजर लागली म्हणून लिंबू उतरवायला सांगितले. पाहायला आलेल्या मंडळींनी तर मुलीला कसला रोग आहे, असे तोंडावर विचारले. रोग नव्हता आणि नजरही नव्हती. डॉक्टरांनी त्याला केलॉइड म्हणतात असे सांगितले. जखम भरताना काहींची कातडी गरजेपेक्षा जास्त वाढते. सावळ्या-काळ्या वर्णाच्या माणसांत आणि तरुण वयात हे अधिक होते, घराण्यातूनही येते. ती गाठ एकापासून दुसऱ्याला लागत नाही, ती कर्करोगही नव्हे. एकदा कापली, तर पुन्हा उगवली. मग गाठीतच इंजेक्शने घेतली, तेव्हा कुठे ती बसली. छिद्राचा मागमूसही उरला नाही.

नाक बुजले

थोरलीच्या मुलीने हौसेने नाक टोचले होते. चार महिन्यांत नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि कामावर दागिना चालणार नाही म्हणून चमकी काढावी लागली. आठवड्याने सुट्टीत घालून पाहते तर जाईना. नवे छिद्र असे चटकन बुजते. वर्षानुवर्षांचे जुने छिद्र मात्र दागिना नसला तरी बहुधा टिकून राहते. पोरीने दोन दिवस तोंड पाडले, तिसऱ्या दिवशी पुस्तक उघडले.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना चांदी-कथलाचे दागिने टाकायला सांगितले, कारण त्यावरून अस्पृश्य ओळखू येत असे. दागिना घालूच नका असे त्यांचे म्हणणे नव्हते. घालायचाच तर सोन्याचा घाला, असे ते म्हणाले. मुद्दा मानाचा होता. विहारातल्या बुद्धमूर्तीचे कान पाहा. राजपुत्र सिद्धार्थाने जड कुंडले घातली म्हणून पाळ्या लांबल्या आणि गृहत्यागाच्या वेळी ती उतरवली, असे सांगतात. मूर्तीच्या पाळ्या रिकाम्या आहेत, तरी त्या मुखाला काही उणे दिसत नाही.

ध्यानात ठेवा

टोचणारी सुई नवी, बंद पाकिटातली असावी. एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर कावीळ ब, कावीळ क आणि एच. आय. व्ही. पसरू शकतो. बाळाच्या लसी वेळेवर द्या. धनुर्वात आणि कावीळ ब यांची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. कूर्चेवर बंदूक नको. जखमेला राख, हळद-तेल लावू नका. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने पुसा. खोट्या दागिन्यातल्या निकेलने खाज येते, पाणी सुटते. पू झाला तर दागिना आपण होऊन उपसू नका, वरून छिद्र मिटून पू आत कोंडतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आई-वडिलांपैकी कोणाला केलॉइड असेल तर टोचण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि मुलगी मोठी असेल तर आधी तिलाच विचारा. कान तिचा आहे. हवे म्हणाली तर नीट टोचून द्या. नको म्हणाली तर रिकाम्या कानावरून तिला कोणी हिणवणार नाही, एवढे आपण मोठ्यांनी पाहावे.