वॅग्नरच्या वाट्याच्या 108 शक्यता

अमेरिकी बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं एक कार्ड 2022मध्ये साडेबाहत्तर लाख डॉलरना विकलं गेलं. 1909च्या सुमारास सिगारेटच्या पाकिटातून वाटलेलं, तळहातात मावणारं ते चित्र. प्रती फार थोड्या उरल्यामुळे त्याची ही किंमत. मला याच खेळाडूचं दुसरं कार्ड अधिक मोलाचं वाटतं. स्ट्रॅट-ओ-मॅटिक या फाशांच्या बेसबॉलमधलं हे कार्ड म्हणजे नुसते आकड्यांचे स्तंभ. पण 1955 साली वारलेला वॅग्नर त्यावरून आजही बॅट घेऊन उभा राहू शकतो.

हा खेळ हॅल रिचमनचा. न्यूयॉर्कजवळ वाढलेल्या या मुलाच्या लहानपणी टेबलावर चक्री फिरवून खेळायचा बेसबॉल लोकप्रिय होता. त्यात प्रत्येक बॅटरची वेगळी चकती असे, पण समोर पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कोण आहे याने काहीच बिघडत नसे. रिचमनला ते पटेना. तो लहान वयातच फासे टाकून हिशेब मांडू लागला आणि 1961मध्ये त्याने 80 खेळाडूंचा पहिला संच विक्रीला आणला.

रचना साधी आहे. बॅटरच्या कार्डावर 1, 2, 3 हे स्तंभ, पिचरच्या कार्डावर 4, 5, 6. एक फासा स्तंभ ठरवतो, बाकी दोहोंची बेरीज ओळ ठरवते. तीन फाशांच्या 216 शक्यतांपैकी 108 बॅटरच्या, 108 पिचरच्या. आपल्याकडे शाळेच्या मागच्या बाकावर पुस्तकाची पानं उघडून क्रिकेट खेळत, त्यात गावसकर आणि चंद्रशेखर यांचं नशीब सारखंच असे. इथे तसं चालत नाही. बेरीज 7 येण्याचे सहा मार्ग आहेत, 12 येण्याचा एकच. त्यामुळे एखादा फटका 7च्या ओळीत लिहायचा की 12च्या, यावर माणसाची योग्यता ठरते.

आता 1908चा वॅग्नर घ्या. पिट्सबर्ग पायरेट्सचा हा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) तेव्हा चौतिशीत होता. सरासरी .354, म्हणजे हजार अधिकृत संधींमागे 354 हिट, बेसवर पोचवणारे फटके. त्याच हंगामात नॅशनल लीगची एकूण सरासरी होती .239. बॅटिंगला तो सुमारे 640 वेळा आला आणि त्याने 201 हिट मारले. हे प्रमाण 216 शक्यतांवर आणलं तर हिटच्या जागा साधारण 68 होतात. सर्वसाधारण बॅटरच्या होतात 45 च्या आसपास, म्हणजे वॅग्नर दीडपट.

पण अर्धे फासे पिचरच्या कार्डावर पडतात आणि सरासरी पिचरच्या कार्डावर हिटच्या बावीस-तेवीसच जागा असतात. उरलेल्या सगळ्या वॅग्नरला स्वतःच्या 108 मधून काढाव्या लागतात, म्हणजे जवळजवळ 45. सर्वसाधारण बॅटरच्या कार्डावर त्याच्या निम्म्या असतात. मैदानावर दीडपट ठरण्यासाठी कागदावर दुप्पट व्हावं लागतं! हिशेब ढोबळ आहे, क्षेत्ररक्षणाचा भाग मी बाजूला ठेवला आहे, पण रिचमनच्या कल्पनेचं सौंदर्य मला इथे दिसतं. कुणाचंही यश प्रतिस्पर्ध्याचा वाटा वजा केल्याशिवाय इथे मोजलंच जात नाही.

होमरनचं गणित आणखी नाजूक. त्या वर्षी वॅग्नरचे होमरन फक्त 10, तरीही लीगमध्ये तो दुसरा होता. पहिल्या टिम जॉर्डनचे 12. तेव्हा चेंडू मऊ आणि मळका होईपर्यंत वापरत आणि थुंकी लावून टाकलेला चेंडूही नियमात बसत असे. हे दहा होमरन 216 शक्यतांमध्ये साडेतीनही जागा भरत नाहीत. अशा अर्ध्यामुर्ध्या जागांसाठी 1 ते 20 मधला आणखी एक आकडा काढतात आणि तो निकाल देतो. पण हेच कार्ड आजच्या पिचरसमोर ठेवलं तर वॅग्नर दुबळा भासेल. म्हणून वेगवेगळ्या काळातले थोर खेळाडू एका संचात आणताना प्रत्येकाला त्याच्या काळाच्या मापाने तोलावं लागतं. मला हेच न्याय्य वाटतं.

जिथे नोंदीच नाहीत तिथे कार्ड करणाऱ्याची खरी परीक्षा. 1908मध्ये वॅग्नरने 53 बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पुढचा बेस धावून गाठला, पण चोरताना तो किती वेळा पकडला गेला हे कुणी टिपून ठेवलं नाही. डावखुऱ्या आणि उजव्या पिचरसमोरची वेगवेगळी कामगिरीही हाताशी नाही, आणि खेळाच्या प्रगत आवृत्तीला नेमकी तीच हवी असते. क्षेत्ररक्षणाची प्रत 1 ते 5, त्यात 1 सर्वोत्तम. वॅग्नरच्या अवाढव्य पंज्यांबद्दल सांगतात, की चेंडूबरोबर मैदानातली माती-खडेही पहिल्या बेसकडे भिरकावले जात. अशा आठवणी आणि जुने आकडे एकमेकांशी ताडून अंदाज बांधायचा, दुसरा मार्ग नाही.

हे काम जॉन हेन्री लॉइडच्या बाबतीत कितीतरी अवघड होतं. लॉइड कृष्णवर्णीय, वॅग्नरच्याच जागेवर खेळणारा. त्याला ‘काळा वॅग्नर’ म्हणत, आणि ही तुलना आपल्यासाठी सन्मानाची आहे असं वॅग्नर सांगत असे. वर्णभेदामुळे मेजर लीगची दारं लॉइडला कायम बंद राहिली. कृष्णवर्णीयांच्या निग्रो लीगमधल्या खेळाडूंचे आकडे जुन्या वर्तमानपत्रांत विखुरलेले होते. ते वेचून स्ट्रॅट-ओ-मॅटिक कंपनीने 2009मध्ये त्यांच्यापैकी 103 जणांचा संच काढला. मेजर लीगच्या सामन्यात हे दोन शॉर्टस्टॉप समोरासमोर येणं अशक्य होतं. टेबलावर आता ते रोज येऊ शकतात, आणि लॉइडच्याही वाट्याला 108च शक्यता असतात.