नवा फोन, पहिला आठवडा : कॅमेऱ्याचं कौतुक आणि बॅटरीची तक्रार

मित्रहो, आपल्या हॉस्टेलमध्ये कुणी नवा फोन आणला की ठरलेल्या दोन गोष्टी होतात. पहिल्या रात्री सगळ्या विंगचे फोटो निघतात आणि "काय भारी येतो रे!" असं प्रत्येक जण म्हणतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच मुलगा चार्जर घेऊन प्लग शोधत फिरतो आणि म्हणतो, "बॅटरी एकदम बेकार आहे यार."

माझं म्हणणं असं की ही दोन्ही मतं घाईची आहेत. पहिल्या दिवशी कॅमेरा असतो त्यापेक्षा चांगला वाटतो आणि बॅटरी असते त्यापेक्षा वाईट वाटते. यामागे साधी इंजिनीअरिंगची कारणं आहेत, आणि ती कळली तर आपले (म्हणजे आई-वडिलांचे) पैसे वाचू शकतात.

हे सगळं सुरू झालं माझ्या रूममेटच्या फोनवरून. तो लातूरकडचा. फोन साधारण वीस हजारांचा, आणि पैसे घरून सोयाबीन विकल्यावर आले. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला होता. म्हणजे पूर्ण हमीभाव मिळाला असं धरलं तरी हा फोन झाला पावणेचार क्विंटल सोयाबीनचा! आणि दुसऱ्याच दिवशी साहेब म्हणतात, "बॅटरी टिकत नाही, बदलूनच आणतो." बदलायची मुदत सात दिवसांची. मग आम्ही ठरवलं, सहा दिवस नीट बघायचं आणि सातव्या दिवशी निर्णय घ्यायचा.

फोनचं नाव मुद्दाम देत नाही. त्यात सोनीचा एलवायटी-६०० हा कॅमेरा सेन्सर आहे आणि ५,५०० एमएएचची बॅटरी आहे. हाच सेन्सर वनप्लस, रियलमी अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या मधल्या किमतीच्या फोनांत बसवलेला आहे. तेव्हा नावापेक्षा आतलं गणित जास्त कामाचं. (मी कॉन्व्हेंटचा, त्यामुळे सेन्सर, पिक्सेल वगैरे शब्द आहेत तसेच ठेवले आहेत, सांभाळून घ्या.)

५० मेगापिक्सेल म्हणजे नक्की किती?

खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ५० मेगापिक्सेल. फोटो काढून त्याची माहिती उघडली तर दिसतात साडेबारा! रूममेटला वाटलं फसवणूक झाली. तसं नाही.

सेन्सरवर आडवे ८,१९२ आणि उभे ६,१४४ असे ठिपके खरोखर आहेत. गुणाकार करा, ५ कोटींच्या वर जातो. पण सेन्सरचा ठिपका रंग ओळखत नाही, फक्त उजेड मोजतो. म्हणून प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी काच बसवतात. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची, तिचं पेटंट १९७६ चं. त्यात अर्धे ठिपके हिरवे, पाव लाल आणि पाव निळे असतात, कारण आपल्या डोळ्याला बारीक फरक हिरव्या रंगाच्या आसपास जास्त कळतो.

आता हल्लीच्या सेन्सरमध्ये एकाच रंगाचे चार ठिपके शेजारी-शेजारी ठेवतात. एक ठिपका फक्त ०.८ मायक्रॉनचा, त्यात उजेड फार थोडा मावतो. चौघांचा उजेड एकत्र केला की १.६ मायक्रॉनचा एक मोठा ठिपका मिळतो. पन्नास भागिले चार, साडेबारा. फोन नेहमी हाच हिशोब करतो आणि तो बरोबरच आहे.

साडेबारा पुरतात का? ए-फोर कागदावर ३०० डीपीआयने छापायला ३,५०८ गुणिले २,४८० ठिपके लागतात, म्हणजे ८.७ मेगापिक्सेल. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये पूर्ण पानभर फोटो टाकला तरी उरतात. ५० चा मोड भर उजेडात, लांबच्या फळ्यावरचं बारीक अक्षर टिपायला वापरा. ट्यूबलाइटच्या उजेडात तो मोड लावून आम्हाला फक्त मोठी फाइल आणि जास्त खरखर मिळाली.

आर. के. स्टुडिओ आणि नखाएवढा सेन्सर

मेगापिक्सेलपेक्षा महत्त्वाचा आहे सेन्सरचा आकार, आणि तो आकडा फसवा आहे. या सेन्सरचा आकार १/१.९५ इंच असा सांगतात. त्या हिशोबाने तो १३ मिलिमीटर हवा. प्रत्यक्षात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तो ८.२ मिलिमीटर भरतो. कारण हा 'इंच' जुन्या टीव्ही कॅमेऱ्याच्या काचेच्या नळीच्या व्यासावरून आलेला आहे. नळ्या गेल्या, इंच राहिला!

तुलनेला आपल्या शेजारचंच उदाहरण घेऊ. देवनारहून चेंबूरकडे जाताना जिथे राज कपूरचा आर. के. स्टुडिओ होता (२०१७ च्या सप्टेंबरमध्ये तिथे मोठी आग लागली आणि २०१९ मध्ये ती जागा गोदरेज प्रॉपर्टीजने घेतली), तिथे सिनेमे ३५ मिलिमीटर फिल्मवर शूट व्हायचे. त्या फिल्मची एक चौकट साधारण २२ गुणिले १६ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३५० चौरस मिलिमीटर. आपल्या फोनचा सेन्सर ६.५५ गुणिले ४.९, म्हणजे ३२. अकरा पट लहान! आणि तेवढी मोठी चौकट असूनही स्टुडिओत मोठमोठे दिवे लावावे लागत. मग गोवंडी स्टेशनच्या रस्त्यावर रात्री नऊ वाजता हा नखाएवढा सेन्सर फोटो काढतो कसा?

रात्रीच्या फोटोमागची युक्ती

उत्तर आहे, तो एक फोटो काढतच नाही. बटण दाबलं की फोन पटापट अनेक फोटो घेतो, एकावर एक जुळवतो आणि सरासरी काढतो. उजेड प्रत्येक फोटोत तोच असतो, खरखर मात्र प्रत्येक वेळी वेगळी असते, म्हणून सरासरीत ती विरघळते. नियम वर्गमुळाचा : नऊ फोटो जोडले की खरखर एक तृतीयांश होते. गूगलने २०१८ मध्ये पिक्सेल फोनांवर 'नाइट साइट' आणलं तेव्हापासून ही युक्ती सगळ्यांच्या तोंडी झाली. आज ती स्वस्त फोनांतही असते.

आणि इथेच पहिल्या रात्रीचं कौतुक फसतं. रूमवर सगळे पोज देऊन स्तब्ध उभे असतात. हलत नसलेल्या वस्तूचा असा फोटो सुंदर येणारच. आम्ही दुसऱ्या रात्री देवनार डेपोबाहेर गेलो. उभ्या बसचा फोटो एकदम मस्त. चालत्या बसचा फोटो काढला तर पाटीवरचा नंबर पुसट आणि रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला दोन-दोन हात! कारण एका फोटोपासून दुसऱ्या फोटोपर्यंत माणूस पुढे सरकलेला असतो.

"पण यात ओआयएस आहे ना?" असा प्रश्न लगेच आला. ओआयएस म्हणजे आपला हात थरथरला तर आतलं भिंग उलट दिशेला हलवून फोटो सांभाळणारी यंत्रणा. ती आपला हात सांभाळते, समोरच्याचे पाय नाही. गॅदरिंगमध्ये नाच टिपायचा असेल तर ओआयएस उपयोगी पडणार नाही, तिथे उजेडच हवा.

आणखी एक गंमत. संध्याकाळी गच्चीवरून डम्पिंग ग्राउंडच्या दिशेने फोटो काढला. देवनारचं हे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचं, आणि २०१६ च्या जानेवारीत तिथे लागलेल्या आगीचा धूर नासाच्या उपग्रहाच्या चित्रांतही दिसला होता. त्या संध्याकाळी आकाश धुरकट, राखाडी होतं. फोटोत मात्र छान निळं! सेटिंगमधला 'एआय' चा पर्याय बंद केल्यावर पुन्हा राखाडी झालं. सेल्फीसाठी ठीक आहे. पण धुराची तक्रार करायला महापालिकेला फोटो पाठवायचा असेल, तर फोनने आकाश धुऊन काढलेलं चालणार नाही. तेव्हा तो पर्याय कुठे असतो ते पहिल्याच दिवशी शोधून ठेवा.

बॅटरी : ५,५०० म्हणजे किती?

एमएएच हा आकडा अर्धाच आहे. त्याला व्होल्टेजने गुणलं की खरी ऊर्जा कळते. ५.५ अँपिअर-तास गुणिले सुमारे ३.८७ व्होल्ट, म्हणजे साधारण २१ वॉट-तास. आपल्या रूमचा जुना ७५ वॉटचा पंखा यावर फक्त १७ मिनिटं फिरेल. एवढ्याशा ऊर्जेत फोन दिवसभर चालतो, यातच कमाल आहे.

पॉवर बँक घेतानाही हेच लक्षात ठेवा. १०,००० एमएएच हा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा आकडा, म्हणजे ३७ वॉट-तास. व्होल्टेज वाढवताना आणि फोनमध्ये भरताना काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. तेव्हा आमचा फोन दोनदा भरेल ही आशा सोडा, दीड वेळासुद्धा जेमतेम.

आता पहिल्या दोन दिवसांत बॅटरी का पळते? नव्या फोनवर आपण जुन्या फोनचं सगळं एकदम ओततो. ॲप्स डाउनलोड होतात, व्हॉट्सॲपचा बॅकअप उतरतो, फोन हजारो फोटो तपासून चेहरे ओळखत बसतो. हे सगळं स्क्रीन बंद असतानाही चालू असतं. शिवाय २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून 'अडॅप्टिव्ह बॅटरी' ची सोय आली. तुम्ही कोणती ॲप्स वापरता आणि कोणती नाही हे फोन बघतो आणि न वापरलेल्यांना आवर घालतो. पण ओळख व्हायला त्याला काही दिवस लागतात. आणि नवा फोन म्हटल्यावर आपणही तो खाली ठेवत नाही, हे वेगळं सांगायला नको.

तिसरं कारण नेटवर्क. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. पण जाड भिंतींच्या आतल्या खोलीत सिग्नल कमजोर असला की फोनला टॉवरशी बोलायला जास्त जोर लावावा लागतो, आणि तो ५जी-४जी असा सारखा उड्या मारत असतो. आमच्या रूममध्ये हेच चालू होतं. तिसऱ्या दिवशी रूमवर असताना फोन ४जीवर आणि वायफायवर ठेवला.

फरक काय पडला? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला बॅटरी १५ टक्क्यांवर आली होती. सहाव्या दिवशी, तितक्याच लेक्चर-यूट्यूब-कॉलनंतर, रात्री अकराला ३० टक्के शिल्लक! फोन तोच, बॅटरी तीच. फोन बदलून आणला असता तर नव्या पीसवर पुन्हा तेच दोन दिवस भोगावे लागले असते.

लवकर भरते, पण किती वर्षं टिकते?

जाहिरातीत 'इतक्या मिनिटांत ५० टक्के' असं असतं, १०० चं फारसं कुणी बोलत नाही. लिथियम-आयन सेल आधी मोठ्या करंटने भरतो, मग व्होल्टेज मर्यादेला पोचलं की करंट कमी-कमी करत न्यावा लागतो. म्हणून शेवटचे वीस टक्के रेंगाळतात. ओपीडीच्या रांगेसारखं नाही, हा मुद्दाम ठेवलेला सावधपणा आहे. सावधपणा सुटला तर काय होतं ते २०१६ मध्ये सॅमसंगला गॅलेक्सी नोट ७ परत मागवून बंद करावा लागला तेव्हा जगाने बघितलं.

बॅटरी म्हातारी होते ती उष्णतेने आणि सतत शंभर टक्क्यांवर राहण्याने. उशीखाली चार्जिंग म्हणजे दोन्ही एकदम. युरोपात २० जून २०२५ पासून नियम आहे की नव्या फोनच्या बॅटरीने ८०० चार्जिंग सायकलनंतरही किमान ८० टक्के क्षमता धरली पाहिजे. रोज एक पूर्ण सायकल धरली तर ८०० म्हणजे सव्वादोन वर्षं. सेकंड इयरला घेतलेला फोन शेवटच्या सेमिस्टरपर्यंत. दुकानात 'किती सायकलची बॅटरी आहे?' असं विचारायला हरकत नाही.

तर मंडळी, सात दिवसांचा अभ्यासक्रम असा :

१) पहिला दिवस : स्क्रीन, स्पीकर, चार्जिंग, सिम तपासा. यातला दोष आपोआप बरा होत नाही, लगेच बदलून घ्या.

२) दुसरी रात्र : कॅमेरा बाहेर न्या. चालती बस, चालता मित्र, कमी उजेड. पोज दिलेल्या फोटोवर मत बनवू नका.

३) तिसरा दिवस : ५० मेगापिक्सेल मोड आणि 'एआय' चालू-बंद करून तोच फोटो दोनदा काढा.

४) पाचवा-सहावा दिवस : आता बॅटरी मोजा. सेटिंगमध्ये कोणतं ॲप किती खातं ते बघा.

५) फोन नुसता पडून असताना गरम होत असेल किंवा सहाव्या दिवशीही दुपारपर्यंत संपत असेल, तर मात्र संकोच न करता बदलायला न्या.

रूममेटने फोन ठेवला. कॅमेऱ्याबद्दल त्याचं मत थोडं खाली आलं, बॅटरीबद्दल बरंच वर गेलं, आणि पावणेचार क्विंटल सोयाबीन सत्कारणी लागलं. वॉचमनकाका आणि मेसच्या मावशीही मुलांसाठी फोन बघताहेत असं कळलं. घेतलात की रूमवर घेऊन या, सहा दिवस आपण मिळून बघू!