पाइपाला फुटलेली फांदी

साखर कारखान्याच्या किंवा दुग्धशाळेच्या आवारात कधी गेलात, तर तिथले वाफेचे आणि पाण्याचे पाइप जरा थांबून पहा. एखाद्या जाड, आडव्या पाइपाच्या पाठीवर दुसरा बारीक पाइप उभा वेल्ड केलेला आढळेल. झाडाच्या खोडाला फांदी फुटावी तसा. आता असा विचार करा, की हा उभा पाइप करवतीने सरळ कापून त्या गोल पाठीवर ठेवला तर काय होईल? तो पुढे आणि मागे अशा दोनच ठिकाणी टेकेल आणि दोन्ही बाजूंना फट राहील. तेव्हा त्याचे टोक असे कापले पाहिजे, की ते खालच्या गोलाईवर घोड्यावरच्या खोगिरासारखे बसेल. हा आकार काढायचा कसा?

हा प्रश्न माझ्या गळ्यात पडला तो आमच्या महाविद्यालयाच्या पाण्याच्या टाकीमुळे. टाकीकडून येणारा मुख्य पाइप चार इंची होता आणि त्यातून प्रयोगशाळेसाठी दोन इंची फाटा काढायचा होता. फॅब्रिकेशनवाले मिस्त्री मोजमापे घेत होते. मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस! त्यांना म्हटले, "मिस्त्री, थांबा, मी तुम्हाला आकडे काढून देतो." ते हसून म्हणाले, "द्या की सर."

गणित तुम्हालाही जमेल असेच आहे. मुख्य पाइप पूर्व-पश्चिम पडला आहे असे समजा. त्याची त्रिज्या म. त्याच्या पाठीच्या मधल्या रेषेपासून दक्षिणेला किंवा उत्तरेला क्ष अंतर गेलो, तर पाठ किती खाली उतरते? पाइपाच्या छेदाचे वर्तुळ काढा. पायथॅगोरसच्या सिद्धांतानुसार त्या जागी केंद्रापासूनची उंची √(म² − क्ष²) येते. म्हणजे पाठ म − √(म² − क्ष²) इतकी उतरली. फाट्याचे टोक त्या जागी नेमके तेवढेच अधिक लांब हवे.

आता आकडे घालू. चार इंची पाइपाचा बाहेरचा व्यास ११४.३ मि.मी. असतो, म्हणजे साडेचार इंच! पाइपाचे नाव बाजारात त्याच्या आतल्या मापाच्या आसपासचे असते, बाहेरचे नव्हे. नवशिक्याची पहिली फसगत इथेच होते. म्हणून म = ५७.१५. दोन इंची पाइपाचा बाहेरचा व्यास ६०.३, म्हणून त्रिज्या ३०.१५. बाजूच्या टोकाशी क्ष = ३०.१५ घातले की उतार ८.६ मि.मी. येतो. मी अशी सगळी मापे काढून दिली, मिस्त्रींनी पाइप कापला आणि मुख्य पाइपावर ठेवला. तो डुलू लागला! दोन्ही बाजूंना टेकलेला आणि पुढेमागे दोन मि.मी.हून अधिक फट.

मिस्त्री म्हणाले, "सर, तुमचं गणित चुकलं नाही. पण पाइपाला जाडी असते, ती तुम्ही धरली नाहीत."

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. दोन इंची पाइपाची भिंत ३.९ मि.मी. जाड होती. म्हणजे टोकाला एक कड नसून दोन कडा आहेत, बाहेरची आणि आतली. आतल्या कडेची त्रिज्या २६.२५. तिथे मुख्य पाइपाची पाठ फक्त ६.४ मि.मी. उतरलेली असते. मी मात्र भिंतीची पूर्ण जाडी ८.६ मि.मी. लांब ठेवली होती. त्यामुळे बाजूंना आतली कड आधीच पाठीवर आपटली आणि सगळा फाटा २.२ मि.मी. वर उचलला गेला. वेल्डिंगसाठी मुळाशी थोडी फट मुद्दाम ठेवतात, वितळलेला धातू आतपर्यंत पोचावा म्हणून. पण ती सर्वत्र सारखी हवी. एकीकडे फट आणि एकीकडे धातूला धातू घट्ट टेकलेला, असे असेल तर फटीतून वितळलेला धातू आत गळतो आणि टेकलेल्या जागी तो मुळापर्यंत पोचतच नाही. असा सांधा वरून छान दिसतो, पण दाबाखाली दगा देतो.

तेव्हा नियम असा: फाटा वर बसवायचा असेल तर मुख्य पाइपाची बाहेरची आणि फाट्याची आतली त्रिज्या घ्यायची. मग आतली कड सर्वत्र बसते आणि बाहेरच्या अंगाला, विशेषतः बाजूंना, जी फट उघडते ती वेल्डने भरते.

दुसऱ्या खेपेस मी नुसता पहात राहिलो. मिस्त्रींनी जुन्या कॅलेंडरच्या कागदाची पट्टी फाट्याभोवती गुंडाळून बरोबर एका वेढ्यावर कापली. तिची लांबी १८९.४ मि.मी., म्हणजे बाहेरचा परीघ. मग ती चार वेळा निम्म्यात दुमडली. उलगडल्यावर सोळा सारखे भाग! मोजपट्टीचे कामच नाही. प्रत्येक घडीवर आता उतार मांडायचा. पुढच्या घडीवर शून्य, मग ०.९, ३.१, ५.४ आणि बाजूला ६.४ मि.मी.; नंतर हेच आकडे उलट क्रमाने शून्यापर्यंत, आणि पुन्हा तसेच. बिंदू हाताने जोडले की दोन लाटांचे वळण तयार होते. ते कापून पट्टी पाइपाभोवती गुंडाळायची आणि खडूने कड आखायची. एक गंमत ध्यानात आली का? पट्टीची लांबी बाहेरच्या व्यासावरून आणि लाटेची उंची आतल्या व्यासावरून. दोन्हींना एकच व्यास वापरला की चुकले.

मिस्त्रींनी हे आकडे वर्गमूळ काढून मिळवले नव्हते. त्यांनी पत्र्यावर मुख्य पाइपाचे वर्तुळ काढले, त्याच्या वर फाट्याच्या आतल्या मापाचे अर्धवर्तुळ काढून त्याचे आठ भाग केले आणि प्रत्येक भागापासून गुण्याने खाली रेषा सोडली. ती मोठ्या वर्तुळाला जिथे मिळाली तिथले अंतर कंपासात धरून थेट पट्टीवर उतरवले. पायथॅगोरसचे काम कंपासनेच केले! चित्र काढून घनाकृतींची मापे मिळवण्याच्या या विद्येला फ्रान्सच्या गास्पार मोंज (१७४६–१८१८) याने शास्त्रशुद्ध रूप दिले. मेझिएरच्या लष्करी विद्यालयात ती बरीच वर्षे गुपित म्हणून राखली होती. १७९५ साली पॅरिसमध्ये मोंजने तिच्यावर व्याख्याने दिली. आज संगणकावर चालणारी यंत्रे हेच वळण आपोआप कापतात.

पण कागदाची पट्टी पाइपाला लागू पडते, हेच मुळी विशेष नाही का? डब्याचे लेबल सोलून टेबलावर पसरले तर सपाट होते, त्याला ना ताणावे लागते ना चुण्या पडतात. संत्र्याची साल तशी पसरून पहा, फाटेल. गोलाचा पृष्ठभाग न ताणता, न फाडता सपाट करणे अशक्य आहे, हे गाउसने १८२७ साली मांडलेल्या सिद्धांतावरून निघते. नळकांडे मात्र सपाट होते, म्हणून तर अवकाशातले वळण आपण कॅलेंडरच्या पाठीवर काढू शकतो.

आता दोन्ही पाइप सारख्याच मापाचे असतील तर? क्षणभर त्यांची जाडी विसरू. मुख्य पाइपावरील बिंदूसाठी क्ष² + उ² = म²; इथे उ म्हणजे केंद्ररेषेपासूनची उंची. फाट्यावरील बिंदूसाठी क्ष² + प² = म²; प म्हणजे फाट्याच्या मध्यापासून पूर्व-पश्चिम अंतर. सांध्यावरचा बिंदू दोन्हींवर आहे. वजाबाकी करा: उ² = प². म्हणजे उंची आणि अंतर सारखेच! बाजूने पाहिले तर ते वाकडे वळण चक्क ४५ अंशांच्या दोन सरळ रेषांचे, इंग्रजी व्ही अक्षरासारखे दिसते. मला हे समीकरण दर वर्षी फळ्यावर लिहिताना नवा आनंद होतो. मापे वेगळी असली की वजाबाकीत उ² − प² ही स्थिर संख्या उरते, आणि बाजूने दिसते ते वळण अपास्त असते.

मात्र प्रत्यक्षात जाडी विसरता येत नाही. ६ मि.मी. जाडीच्या चार इंची पाइपावर तसाच चार इंची फाटा बसवायचा असेल, तर बाहेरच्या त्रिज्येने उतार ५७ मि.मी. येतो आणि आतल्या त्रिज्येने सुमारे ३२. माझी पहिली चूक इथे केली असती तर पाइप भंगारातच गेला असता.

मुख्य पाइपाला पाडायचे भोकही गंमतीचे असते. वरून पाहिले तर ते ५२.५ मि.मी. व्यासाचे वर्तुळ दिसते, पण पाठीवर टेप ठेवून आडवे मोजले तर ५४.५ भरते, कारण टेप गोलाईवरून जाते.

या भोकाने पाइप दुबळा होतो. आतल्या दाबाने पाइपाच्या भिंतीत परिघाच्या दिशेने जो ताण येतो, तो लांबीच्या दिशेने येणाऱ्या ताणाच्या दुप्पट असतो. म्हणून तर पाइप फुटतो तेव्हा बहुधा लांबीत उकलतो. भोक पाडले की तिथला ताण कडेने वळसा घेऊन जातो. जर्मन अभियंता कीर्श याने १८९८ साली ताणलेल्या पत्र्यातील भोकाचे गणित सोडवले. त्यावरून पाइपाच्या भिंतीतील लहान भोकाच्या कडेला ताण अडीचपट होतो असे निघते. आमच्या टाकीतील पाण्याची पातळी जोडापासून सुमारे १२ मीटर उंच. पाइपाच्या भिंतीतला ताण त्यामुळे दर चौरस मि.मी.ला जेमतेम १ न्यूटन. अडीचपट झाला तरी पोलादाला तो जाणवणारही नाही, कारण साधे पोलादही २०० न्यूटनच्या पुढे टिकते. वाफेच्या जास्त दाबाच्या पाइपात मात्र काढलेल्या धातूची भरपाई करावी लागते. त्यासाठी फाट्याभोवती गळपट्ट्यासारखी पोलादी पट्टी वेल्ड करतात. त्या पट्टीला एक बारीकसे भोक असते. वेल्डिंगच्या उष्णतेने पट्टीखाली कोंडलेली हवा त्यातून निघून जाते, आणि पुढे कधी आतला सांधा गळू लागला तर पहिली वाफ तिथूनच डोकावते.