अफूचा भ्रम आणि हवापालट

महाबळेश्वरची पहिली कीर्ति आरोग्यस्थान म्हणून झाली. १८२८ च्या सुमारास गव्हर्नर माल्कम यांनीं तेथें गोऱ्या आजाऱ्यांसाठीं वसाहत उभारण्यास आरंभ केला. पुढें ‘हवापालट’ हा शब्द मराठी घरांतही औषधाइतकाच विश्वासाचा झाला. मन बिघडलेल्या माणसासही आप्तेष्ट डोंगरावर नेतात. परंतु एका विकारांत हा विश्वास घातक ठरूं शकतो.

समजा, पाठदुखीसाठीं मिळालेल्या ट्रॅमाडॉलच्या गोळ्या एका गृहस्थांनीं वर्षभर वाढत्या प्रमाणांत घेतल्या. घरच्यांना तें कळतांच त्यांनीं गोळ्या फेंकून दिल्या व गृहस्थांना महाबळेश्वरास नेलें. दुसऱ्या दिवशीं जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर कांटा व पोटांत मुरडा सुरू झाला. तिसऱ्या रात्रीं, भिंतीपलीकडे कोणी आपल्या जिवावर उठल्याचे आवाज त्यांना ऐकूं येऊं लागले. कोणी याला वेड म्हणेल, कोणी बाधा.

अफू, हेरॉइन, ट्रॅमाडॉल, पेंटाझोसिन हीं एकाच कुळांतील द्रव्यें होत. त्यांनीं बहुधा गुंगी येते; भ्रम क्वचितच होतो. पेंटाझोसिननें, तसेंच ट्रॅमाडॉल घेतांना किंवा तें एकाएकीं थांबविल्यावर, भास झाल्याचीं उदाहरणें मात्र वैद्यकास ठाऊक आहेत. हा प्रकार विरळा असल्यामुळें डॉक्टर आधीं गांजा, दारू, ताप व मेंदूचे विकार यांचा शोध घेतात. रोगी स्थळकाळ विसरत असेल, त्याची शुद्ध कमीजास्त होत असेल, तर तो वात समजावा व त्याला तत्काळ रुग्णालयांत न्यावें.

निदानाची खरी किल्ली कालक्रमांत आहे: आधीं गोळी कीं आधीं भ्रम? गोळी थांबून महिना उलटला तरी भ्रम टिकला, तर स्किझोफ्रेनियासारख्या स्वतंत्र विकाराचा विचार करावा लागतो. लघवीच्या नेहमींच्या तपासणींत ट्रॅमाडॉल निसटूं शकतें. म्हणून घरच्यांनीं लाजेनें लपविलेली गोष्टच डॉक्टरांस सर्वांत आधीं हवी असते.

उपचारांत भ्रम शमविणारें औषध कमी मात्रेंत व थोडे दिवस देतात. व्यसनाची ओढ आवरण्यास ब्युप्रेनॉर्फिन देतां येतें. तें द्रव्य थांबल्याचीं लक्षणें सुरू झाल्यावरच द्यावयाचें असतें. आधीं दिल्यास त्रास उसळतो. आणखी एक धोका घरच्यांनीं ओळखावा. कांहीं दिवस व्यसन सुटलें कीं शरीराची सहनशक्ति घटते. मग जुन्याच मात्रेनें श्वास थांबून मृत्यु येऊं शकतो. त्यावर नॅलॉक्सोन हा उतारा रुग्णालयांत मिळतो.

औषधांनंतरचें काम दीर्घ असतें. येरवड्याच्या मनोरुग्णालयांतील मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं, पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर, पुण्यांत ‘मुक्तांगण’ हें व्यसनमुक्ति-केंद्र सुरू केलें. व्यसनी मनुष्य गुन्हेगार नसून रोगी आहे, ही दृष्टि तेथें रुजली. आज ‘टेलिमानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठींतूनही सल्ला मिळतो.

महाबळेश्वरास अवश्य जावें. मात्र आधीं डॉक्टरांकडे, आणि गोळ्यांचें वेष्टन सोबत घेऊन.